चिकन ब्रेस्टचा चिवटपणा अखेर सुटला!

सुटला एकदाचा! मागच्या नोंदीपासून, नीट शिजवूनही न जाणाऱ्या ब्रेस्टच्या ज्या चिवटपणानं डोकं उठवलं होतं, त्याचं मूळ दुकानातच निघालं.

बेत तोच आपला नेहमीचा: बोनलेस ब्रेस्ट, बटाटे, बिडाची कढई, मीठ, मिरी, लसूण आणि शेवटी चमचाभर काळा मसाला. थर्मामीटर तुकड्याच्या मध्यात ७४ अंश दाखवतोय, कापल्यावर रस सुटतोय, आणि तरी घास चावता चावता जबडा दुखतोय. कोरडं होणं आणि चिवट होणं हे दोन वेगळे आजार आहेत. कोरडेपणाला मीठ लावून ठेवणं, आच कमी करणं लागू पडतं. चिवटपणापुढे सगळं फोल. दही लावलं, काही फरक नाही. कच्ची पपई लावली तर वरचा थर पिठूळ आणि आत तसंच.

आपल्याकडे सोलापुरात कोंबडी डोळ्यांसमोर कापून घेतो, तिथंच बोनलेस करून घेतो आणि तासाभरात कढईत टाकतो. कापल्यावर काही तास स्नायू आखडतो, मग हळूहळू सैल पडतो. मांस हाडाला धरून असेल तर त्याला फार आक्रसता येत नाही. हाड लगेच काढलं की अडवायला कुणी नाही, मग धागे आखूड होऊन बसतात, आणि असा आखडलेला तुकडा नंतर कितीही मुरवा, मऊ होत नाही. म्हणून हाड निदान चार ते सहा तासांनी काढायचं. लेगपीस हाडासकट रश्श्यात निवांत शिजतात, म्हणून तिथं हे जाणवत नाही.

दुकानात म्हटलं, "मामा, ब्रेस्ट हाडासकटच द्या, बोनलेस नको."
"ताजं सोडून शिळं करून खाताय व्हय?"
"उद्या सांगतो मामा."

घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये, कारण इथल्या उन्हात मांस बाहेर ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. रात्रभर ठेवून सकाळी सुरी हाडाला घासत मांस सोडवलं. अर्ध्या किलोला छोटा चमचाभर मीठ चोळून तासभर पुन्हा फ्रीजमध्ये. एका बाजूनं सोनेरी होईपर्यंत हलवलं नाही, मग उलटून झाकण. कापताना सुरीला जोरच लावावा लागला नाही, धागे आपोआप सुटत गेले. घरात कुणी बोललं नाही, कढई मात्र पुसून खाल्ली.

बटाट्याचं थोडक्यात: फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आत शिजायच्या आधी बाहेरून काळा पडतो. मी टोपलीत ठेवतो, मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडतो, पाणी काढून पातेल्यातच दोन हिसके देतो. कडा खरबरीत होतात आणि तिथंच कुरकुरीत थर धरतो. नॉनस्टिकवर तो थर कधीच नीट येत नाही, माझं मत ठाम आहे: बिडाचीच कढई घ्या.

पुढच्या वेळी टोमॅटोचा रस्सा करणार होतो. त्यात बटाटा आधी पूर्ण शिजवून घ्यायचा, कारण आंबटात तो लवकर मऊ होत नाही. पण हे लिहिता लिहिता समोर कडक भाकरीची चवड दिसली आणि बेत बदलला! ब्रेडचा चुरा कशाला? कडक भाकरी खलबत्त्यात जाडसर कुटायची, त्यात शेंगाचटणी मिसळायची, ब्रेस्टचे पातळ काप अंड्यात बुडवून त्यात घोळवायचे. चटणीतले शेंगदाणे लवकर करपतील, म्हणून पहिला घाणा मध्यम आचेवरच. ब्रेस्ट हाडासकट फ्रीजमध्ये ठेवलाय. कुणी भाकरीचं आवरण आधी करून पाहिलं असेल तर चुरा किती बारीक ठेवला ते सांगा, उद्या दुपारी कढई चढवतोय.