बटणच दाबतात ना ते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण वेंगुर्ल्यात नाक्यावर, घरी, अगदी गणपतीत आरतीला जमल्यावरसुद्धा हाच प्रश्न येतो, की अबव्ह अँड बियाँड या डीजे त्रिकुटाच्या शोसाठी तू पार बंगळूरला गेलास, पण ते तर नुसतं बटण दाबतात मग त्यात लाईव्ह काय? काका तर सरळच म्हणतात, "तो बटाण दाबता, तेका पैसे कित्याक?"

पहिलं म्हणजे ही माणसं आपल्याला एवढी परकी नाहीत. जोनो ग्रँट आणि पावो सिल्यामाकी यांनी 2000 साली लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, काढली तिचं नाव अंजुनाबीट्स, आपल्या शेजारी गोव्यातल्या हणजूणच्या (अंजुना) किनाऱ्यावरून ठेवलेलं. मग टोनी मॅकगिनेस आला आणि तिघांचं अबव्ह अँड बियाँड झालं. नोव्हेंबर 2012 मध्ये त्यांच्या 'ट्रान्स अराउंड द वर्ल्ड' या रेडिओ शोचा 450वा आणि शेवटचा भाग बंगळूरहून होणार होता, मग काय, आंबोली घाट चढून बेळगाव आणि तिथून रात्रीची बस.

गाणी आधीच रेकॉर्ड केलेली असतात, हे खरंय. पण एक गाणं चालू असताना पुढचं हेडफोनवर ऐकायचं, दोघांचा ठेका तंतोतंत जुळवायचा, जुन्याचा बेस हळूहळू काढून घेत नव्याचा आत सोडायचा, आणि हे सगळं समोरची पब्लिक किती दमलीय, किती पेटलीय ते बघत बघत. आपल्याकडे भजनात बुवा गजर कधी वाढवायचा ते मंडप बघून ठरवतात ना, तसंच हे. ट्रान्समध्ये, म्हणजे ते वाजवतात त्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात, मधेच ठेका थांबतो, नुसते सूर उरतात, कधी कधी एकच बाईचा आवाज, आणि तेव्हा मागच्या स्क्रीनवर ते तिथल्या तिथे टाइप करून गर्दीला मेसेज लिहितात, एकेक अक्षर उमटताना दिसतं! आजूबाजूला अनोळखी पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी, माझ्या शेजारचा तर रडत होता आणि मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. मग ड्रम वाढत वाढत जातो आणि ठेका परत पडतो, तो कानाआधी छातीत जाणवतो. घरच्या स्पीकरवर हे होत नाही, कितीही मोठा करा.

आणि बटणाचं म्हणाल तर त्यांच्या शोमध्ये गर्दीतल्या एखाद्याला स्टेजवर बोलवून त्यालाच बटण दाबायला देतात, 'पुश द बटन' म्हणून ते प्रसिद्धच आहे. ज्याला तो मान मिळतो त्याचा चेहरा यूट्यूबवर बघा एकदा.

काकांना सांगून ठेवलंय, परत गोव्यात आले की तुमचंपण तिकीट काढणार, वेंगुर्ल्याहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा, जेवून निघालो तरी वेळेत पोचू.