वानराने पळवलेला गोळा

परवा रामटेकला अंबाळा तलावाकाठी एका जुन्या दगडी मंडपाचं लेझर स्कॅनिंग करत होतो, म्हणजे लेझरनं लाखो बिंदू मोजून त्याचा थ्रीडी नकाशा बनवत होतो. तिसरा सेटअप, म्हणजे तिसऱ्या जागेवरून स्कॅन चालू, मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलेलं, तेवढ्यात राखणदार ओरडला, “भाऊ, थो पांढरा गोया नेला ना वांदरानं! नारय समजला थो.”

ते माझं टार्गेट होतं, स्कॅन एकमेकांना जोडायची खूण. एका जागेवरून स्कॅनरला सगळं दिसत नाही, खांबाची पाठ कोरीच राहते. म्हणून तिपाई हलवत आठ-दहा ठिकाणांहून स्कॅन घ्यायचे आणि ते जोडायचे. जोडायला निदान तीन गोळे दोन्ही स्कॅनमध्ये दिसायला हवेत. मी तीनच मांडले होते. चौथा गाडीत होता. आळस माझा, दोष वानराला कशाला!

नागपूरच्या झिरो माईलला लोक घोड्यांच्या पुतळ्यांसोबत सेल्फी काढतात. मी तिथल्या १९०७ च्या बेंचमार्ककडे, म्हणजे उंची मोजण्याच्या पक्क्या खुणेकडे बघतो. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट! फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, आणि तेही लेझर नसताना. ती माणसं काय चिकाटीची असतील.

न हलणारा बिंदू आमच्या कामालाही लागतो. त्या मंडपाच्या खांबाच्या बुडाशी बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी लागते. ओल वर चढते, सुकते, आतले क्षार फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. किती सुटला, हे एका स्कॅनवरून कळत नाही. पुढच्या वर्षीचा स्कॅन यावर ठेवला की कळेल, तोही बाहेरच्या कातळावरच्या पक्क्या खुणांना बांधलेला असेल तरच. पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या चर्चचं स्कॅनिंग कलाइतिहासकार अँड्र्यू टॅलननं २०१० मध्ये करून ठेवलं होतं, अब्जाहून जास्त बिंदूंचं. २०१९ ला छत जळलं तेव्हा ते कामी आलं. आपल्याकडे मात्र एकदा स्कॅन झाला की रंगीत थ्रीडी व्हिडिओ बनतो, सत्कार होतो आणि हार्ड डिस्क कपाटात जाते.

असो. चौथा गोळा लावून दोन सेटअप पुन्हा केले, त्यात ऊन उतरलं.

काल राखणदाराचा फोन आला. गोळा सापडला, पण त्याला दातांचे खड्डे पडलेत. संगणक गोलाईवरूनच त्याचा मध्य काढतो, त्यामुळे तो आता कामाचा नाही. तरी म्हटलं, ठेवा, येतो न्यायला.