सेंट लुईसचं फॉरेस्ट पार्क: आधी म्युझियम, मग भटकंती

अमेरिकेतल्या सेंट लुईसला येणारे बहुतेक जण गेटवे आर्च या उंच कमानीवर चढतात, झू उरकतात आणि पुढच्या गावाला लागतात. माझं ऐकाल तर फॉरेस्ट पार्कला अख्खा दिवस द्या आणि सुरुवात मिझुरी हिस्टरी म्युझियमपासून करा. तिथलं १९०४ मध्ये याच पार्कात भरलेल्या वर्ल्ड्स फेअरचं, म्हणजे जागतिक प्रदर्शनाचं, दालन बघितलं की बाहेरचं पार्क वेगळंच दिसायला लागतं.

पार्क १८७६ मध्ये खुलं झालं. विस्तार सुमारे १३०० एकर, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कहूनही मोठा. पश्चिमेचा भाग तेव्हा खरोखरीचं रान होतं. फेअरसाठी तिथली झाडं तोडली, जमीन सपाट केली, मधून वाहणाऱ्या दे पेअर नदीचा काही भाग लाकडी पाटात घालून झाकून टाकला. नावातलं फॉरेस्ट असं गेलं, याची हळहळ मला अजून वाटते.

दालनात फेअरच्या आवाराची भलीमोठी प्रतिकृती आहे. तिच्याभोवती निवांत एक फेरी मारा. पांढरेशुभ्र महाल दगडी वाटतात, पण बहुतेक सगळे प्लॅस्टर आणि तागासारखे धागे मिसळून उभारलेले, जेमतेम सात महिन्यांच्या सोहळ्यापुरते. ३० एप्रिलला फेअर सुरू झाली, १ डिसेंबरला संपली आणि मग ते महाल पाडून टाकले.

फिलिपिन्स तेव्हा नुकतंच अमेरिकेच्या ताब्यात आलं होतं. तिथून हजाराहून अधिक माणसं आणून, त्यांच्या वस्त्या उभारून, लोकांना 'बघायला' ठेवली होती. ही बाजू दालनात झाकलेली नाही. मुलं बरोबर असतील तर इथे थांबून त्यांच्याशी बोला, पटकन पुढे नेऊ नका. आपणही साहेबाच्या राज्यातून आलेले, त्यामुळे हे फोटो बघताना पोटात कालवतं.

मग बाहेर पडा. म्युझियमची १९१३ ची इमारत फेअरच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या जागीच आहे. तिथून ग्रँड बेसिन हा तलाव चालत गाठा. प्रतिकृतीत पाहिलेलं तेच पाणी, आणि वर टेकडीवर आर्ट म्युझियम, कायमस्वरूपी बांधलेला एकमेव महाल. तेही मोफत. झूमधला पक्ष्यांचा प्रचंड पिंजरा १९०४ चाच. जुनं रान कसं असेल ते बघायचं असेल तर नैर्ऋत्येच्या केनेडी फॉरेस्टमध्ये जा. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गोचिडी असतात.

हिस्टरी म्युझियमलाही तिकीट नाही, सोमवारी मात्र बंद. विमानतळावरून मेट्रोलिंकची रेड लाइन थेट फॉरेस्ट पार्क-डीबलिव्हिएर स्टेशनला सोडते, पुढे पाच-सात मिनिटं पायी. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईसारखा घाम निघतो, एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. डबा आणलात तर हिरवळीवर बसून खाता येतो. नाहीतर विमानतळाच्या दिशेने एक स्टेशन मागे डेलमार लूपला उतरा, तिथे खायची चांगली सोय आहे.