आमची वाटचाल : दादरचा स्पॅनिशचा क्लास

दादर वेस्टला रानडे रोडच्या मागच्या गल्लीत आमचा मोठ्या माणसांचा स्पॅनिशचा क्लास आहे. मोठ्या माणसांचा म्हणजे नोकरीधंदेवाल्यांचा, मार्कांसाठी येणारी कॉलेजची पोरं आम्ही घेत नाही, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली क्लासेस आहेत. 2009 ला सुरू केलं तेव्हा जागा शिवणक्लासच्या काकूंची होती, दिवसभर त्यांच्या बायका आणि संध्याकाळी सातनंतर आमची बॅच, त्यामुळे पहिल्या बॅचवाल्यांच्या चपलांमध्ये क्रियापदांपेक्षा टाचण्याच जास्त घुसल्या.

सामान काय होतं तर एक टू-इन-वन, त्याचं पॉजचं बटण दाबून धरावं लागायचं, सोडलं की टेप पुढे. चपलांच्या खोक्यात नामांचे पत्ते, पुल्लिंगी निळे, स्त्रीलिंगी लाल. मराठी माणसाला लिंगाचं कौतुक नसतं, आपल्याकडे तीन आहेत, त्यांच्याकडे दोनच, पण माहीत असणाऱ्यांना माहीत आहे की मानो (हात, स्त्रीलिंगी) आणि प्रोब्लेमा (अडचण, पुल्लिंगी) हे दोन पत्ते आले की अख्खी बॅच उलट्या रंगाकडे हात घालते. आणि आमचा चार्ट. आठ फुटी फ्लेक्स, क्रियापदांचे आर-एर-इर तिन्ही गट, सगळे काळ. त्यात वोसोत्रोसच्या, म्हणजे मित्रमंडळींना म्हणायच्या तुम्हीच्या, रांगेवर मी सेलोटेपने एक पांढरी पट्टी लावलेली. वोसोत्रोस स्पेनमध्ये लागतं, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत कोणी वापरत नाही, तिथे उस्तेदेस या दुसऱ्या तुम्हीवर भागतं, आणि आमचे निम्मे लोक फार्मा आणि बीपीओवाले, त्यांचा संबंध लॅटिन अमेरिकेशी, मग त्यांना उगाच सहावं रूप कशाला पाठ करायला लावा. स्पेनला जाणारी बॅच असली की पट्टी वर उचलायची. साधी गोष्ट आहे पण डोकं लागतं.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येतंच आहे.

क्लास नीट चालायला लागला, बॅचेस भरत होत्या, काकूंना भाडं वेळेवर जात होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग समोरच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एसीवाला क्लास उघडला, नाव घेत नाही, दादरकरांना कळेलच. बोर्डावर 30 दिवसांत फ्लुएंट. अहो, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषा शिकवायची संस्था आहे, ते स्पॅनिशला सोप्या भाषांमध्ये धरतात आणि तरी आपल्या अधिकाऱ्यांसाठी साधारण 600-700 तास लावतात, तेही पगारी शिकणारे, दुसरं काम नाही. आणि इथे विरार फास्टमध्ये लटकून आलेला माणूस महिन्याभरात फ्लुएंट होणार. पण लोकांना तेच ऐकायचं असतं.

त्यात आमच्याकडे शिकवणारे सर, माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून होते, त्यांनी एका शुक्रवारी तब्येतीचं कारण सांगितलं आणि सोमवारी समोर दिसले. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्याच नंबरवरून होता, सगळी बॅच रस्ता ओलांडून गेली. वर समोरच्यांचं पॅम्फ्लेट पेपरातून घरोघरी पडलं, त्यात फोटो आमच्या चार्टचा! कोपऱ्यात काकूंच्या शिलाई मशीनचं चाक पण दिसत होतं, एवढंही कापायचे कष्ट घेतले नाहीत. पुढे त्यांनी त्याच फोटोवरून स्वतःचा चार्ट छापून घेतला, पट्टीसकट. म्हणजे पट्टीखाली काय आहे हे छापणाऱ्याला माहीत नाही, म्हणून त्यांच्या चार्टात ती रांगच कोरी, आणि त्या चार्टावर शिकून पोरं निघाली माद्रिदला मास्टर्स करायला. हे मी अजून विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

त्या वेळी क्लास बंद होणार हे जवळजवळ ठरलं होतं. काकू भाड्याला थांबल्या, पण किती थांबणार. तेव्हा उभे राहिले ते अंधेरी एमआयडीसीचे शेठ. त्यांची औषधं पेरू, ग्वाटेमालाला जातात, आधी स्टाफला पाठवायचे, मग पन्नाशीत स्वतः शनिवारच्या बॅचला येऊन बसायला लागले, कायम शेवटच्या बाकावर. खिशातून औषधाचं रिकामं खोकं काढायचे आणि मोठ्याने वाचायचे, मान्तेंगासे फुएरा देल आल्कान्से दे लोस निन्योस, लहान मुलांपासून दूर ठेवा. त्या एका ओळीवर मी आज्ञार्थाचं अख्खं लेक्चर घेतलं, उस्तेदचं, म्हणजे एकाला आदराने म्हणायच्या तुम्हीचं रूप, शेवटी चिकटलेलं से, वरचा ॲक्सेंट, आणि कोणत्याही पुस्तकाने झालं नसतं इतकं ते बॅचच्या डोक्यात बसलं. या शेठनी समोरच्यांचा डिस्काउंटचा फोन आला तेव्हा त्यांना सांगितलं की मॅडम मला मराठीतून शिकवतात, आणि मला येऊन वर्षभराची सगळ्या स्टाफची फी ॲडव्हान्स दिली. पावती पण नको म्हणाले, मी दिलीच.

मराठीतून शिकवण्यावर लोक हसतात, हसू दे. समोर सगळं इंग्लिशमधून चालायचं, त्यामुळे मे गुस्ता आलं की बॅचचं गाडं अडायचं. आमच्याकडे मला आवडतं सांगितलं की दोन मिनिटांत काम संपतं, रचना तीच. स्पॅनिशचे त आणि द तर आपले तयारच आहेत, इंग्लिशचा ट-ड काढायला उलट वेळ जातो. लॉकडाउनमध्ये झूमवर गेलो, परत आलो, ते असो.

नवीन क्लास काढणाऱ्यांना सांगते, कोणी विचारलेलं नाही तरी. आठच्या वर माणसं घेऊ नका, मोठी माणसं बारा जणांत तोंड उघडत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुप स्वतःच्या नंबरवर ठेवा. फी हप्त्याने घ्या पण पहिला हप्ता मोठा. आणि सर्टिफिकेटबद्दल खोटं बोलू नका. डेले परीक्षा इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेन सरकारच्या संस्थेची, त्याचं सर्टिफिकेट कायमचं, सिएले कॉम्प्युटरवरची, तिचं पाच वर्षं चालतं, बाकी आपण सोनेरी शिक्का मारून जे देतो ते फ्रेम करून भिंतीला लावायला. समोरच्यांनी गव्हर्नमेंट रेकग्नाइज्ड लिहिलं होतं. कुठल्या गव्हर्नमेंटचं ते कोणी विचारलं नाही.

शेठ अजून येतात. आता त्यांना ब्राझीलचं मार्केट हवंय, मी म्हटलं तिथे पोर्तुगीज लागतं, माझं काम नाही, तर म्हणतात अर्धं सारखंच आहे ना मॅडम, अर्धी फी घ्या.

समोरचं दुकान मधल्या काळात बंद झालं, तिथे आता पार्लर आहे. त्यांच्याकडे शिकलेली मुलं ए-टूचं, म्हणजे दुसऱ्या पातळीचं, सर्टिफिकेट घेऊन आमच्याकडे येतात, मी चार ओळींचा पेपर देते, काल काय केलं ते लिहा, तिथेच कळतं. मग ए-वनला, म्हणजे पहिल्या पातळीला, बसवते. काही जण भांडतात की आमचं ए-वन झालेलं आहे, निम्मी फी लावा. मी पूर्ण घेते.