तुम्ही विचारलंत म्हणून : अडखळणाऱ्या गेमबद्दल

जो गेम धड चालत नाही, ज्याचे चित्र ऐन मोक्याच्या क्षणी थबकते, जो नीट दिसावा म्हणून कुणा परक्या माणसाने लिहिलेली फाइल आधी उतरवून घ्यावी लागते, तो ‘डार्क सोल्स’ तू अजून का खेळतेस, असे मला गेली अनेक वर्षे विचारले जात आहे. ऑफिसातले सहकारी कुतूहलाने विचारतात, आई काळजीने विचारते, आणि ठाण्याला राहणारी माझी एक मैत्रीण हाच प्रश्न निराळ्या अर्थाने विचारते. तिच्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे, कारण खरे उत्तर तिलाच द्यायचे आहे. आजवर मी “आवडतो म्हणून” एवढेच म्हणत आले. त्याने कुणाचे समाधान झाले नाही, आणि माझेही झालेले नाही.

विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण दोन वेगळे त्रास एकत्र करतात, म्हणून आधी तेवढे वेगळे करते. हा गेम अवघड आहे, आणि त्या अवघडपणाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. समोरचा शत्रू वार करण्याआधी हात उचलतो, खांदा वळवतो, आणि तो पाहण्याची शिस्त तुमच्याकडे असेल तर तुम्ही वाचता. मेलात तर का मेलात हे शोधून काढता येते. मध्येच थांबवण्याची सोय नाही, गेम सतत स्वतःहून सेव्ह होतो, त्यामुळे मागे जाऊन निर्णय फिरवता येत नाही. हे सगळे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेले आहे. तांत्रिक बिघाड कुणीही ठरवलेला नसतो. चित्र अडकले आणि त्या अर्ध्या क्षणात भाला छातीत शिरला, तर त्या मरणातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही.

हा गेम २०११मध्ये कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर आला आणि २०१२च्या ऑगस्टमध्ये संगणकावर. संगणकावर तो यावा म्हणून चाहत्यांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली होती. ही आवृत्ती करताना आपल्याला अडचणी येत आहेत हे निर्मात्यांनी प्रकाशनाआधीच सांगितले होते, आणि त्या अडचणी दिसल्याही. पडदा कितीही मोठा असो, आतले चित्र १०२४ × ७२० पिक्सेल एवढेच तयार व्हायचे, आणि सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे ३० चित्रांच्या पुढे गेम जात नसे. पीटर थोमान या ऑस्ट्रियातल्या प्रोग्रॅमरने ‘डीएसफिक्स’ नावाचा छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोडफाइल लिहून, गेम बाजारात येताच, चित्राच्या आकाराची ती मर्यादा उठवली. पैसे न घेता, कुणी नेमलेले नसताना त्याने हे काम केले. ऐरोलीतल्या आमच्या घरी जुन्या लॅपटॉपवर मी जो ‘डार्क सोल्स’ पाहिला तो त्याच्या कामामुळे पाहिला, आणि ही कृतज्ञता माझ्या आवडीपासून मला वेगळी काढता येत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी याच्या उलट बोलत असे. ब्लाइटटाउन हा या गेममधला सर्वांत बदनाम भाग आहे. कुजक्या लाकडी फळ्यांचे मजले एकावर एक रचलेले, खाली विषारी दलदल, आणि अंधारातून फुंकणीने विषारी काटे मारणारे शत्रू. कन्सोलवरही तिथे फ्रेमरेट कोसळत असे. तेव्हाची मी म्हणायचे की ते अडखळणे त्या रोगट जागेला शोभते, तिथे गेमलाही ताप आल्यासारखे वाटते, आणि ते तसेच असावे. ऐकणाऱ्यांना हे आवडायचे. आज मला ते पटत नाही. चांगल्या यंत्रावर, सुरळीत चित्रात मी ब्लाइटटाउन पुन्हा पार केले तेव्हा भीती तसूभरही कमी झाली नव्हती. उलट काटा येताना दिसत होता, तो चुकवता येत होता, आणि चुकवता येण्याची शक्यता असते तेव्हाच भीतीला धार येते. ताप त्या जागेत होता, माझ्या लॅपटॉपच्या मंदपणात नव्हता.

तरीही तेव्हाच्या मला पुरते खोडून काढणे जमत नाही. डीएसफिक्सने पुढे ६० फ्रेमचीही सोय केली, पण या गेममधल्या हालचालींचे गणित ३० फ्रेमशी बांधलेले आहे. ६० वर शिडीवरून घसरत खाली आलात तर कधीकधी पाय जमिनीवर टेकत नाहीत, तुम्ही जमिनीतून आरपार खाली जाता आणि मरता. ब्लाइटटाउनमध्ये तर शिड्याच शिड्या आहेत. म्हणून तिथे मी मर्यादा पुन्हा ३० वर आणते. मंदपणा बाहेरून चिकटलेला दोष आहे असे एकदा म्हटल्यावर, तोच मंदपणा गृहीत धरून सबंध जग उभारलेले आहे, याचे काय करायचे?

आता मैत्रिणीबद्दल.

आम्ही दोघींनी हा गेम बरोबरच सुरू केला होता. ती ठाण्यात वर्तकनगरला, मी खाडीच्या अलीकडे ऐरोलीत. सोबत खेळायचे म्हणून आम्ही आपापल्या पात्रांची लेव्हल मुद्दाम एकमेकींच्या जवळ ठेवत असू, कारण लेव्हलमध्ये फार अंतर पडले तर गेम दोघांना भेटूच देत नाही. पण या मूळ आवृत्तीत मैत्रिणीला नाव घेऊन बोलावता येत नाही. तिने तिच्या जगात जमिनीवर आपली खूण लिहायची, ती खूण माझ्या जगात उमटली तर मी तिला हात लावायचा, आणि मग ती माझ्याकडे येते. खुणा दिसायला मला माणसाच्या रूपात असावे लागते. त्यासाठी ‘ह्युमॅनिटी’ ही गेममध्ये जमवावी लागणारी वस्तू खर्चावी लागते, आणि मेले की ते रूप जाते.

२०१५च्या पावसाळ्यातली ती शनिवारची रात्र होती. अॅनोर लोंडो या गेममधल्या नगरीच्या मंदिरातले ऑर्नस्टाइन आणि स्मॉ हे जोडबॉस, म्हणजे वाट अडवणारे दोन बलाढ्य शत्रू, मला पाडायचे होते. एक चपळ, विजेचा भाला चालवणारा, आणि दुसरा अवाढव्य हातोडा घेऊन अंगावर येणारा. एकाला मारले की उरलेला त्याची शक्ती शोषून घेतो आणि पुन्हा पूर्ण ताकदीने उभा राहतो. मैत्रिणीने त्यांना एकटीने हरवले होते आणि मला मदत करायला ती आली होती. बाहेर पाऊस, फोन स्पीकरवर, ती तिच्या जगात त्या बॉसच्या दालनाच्या दारापाशी आणि मी माझ्या जगातल्या त्याच दारापाशी. तिने खूण लिहिली. मला दिसली नाही. तिने पुसून पुन्हा लिहिली. मी गेममधून बाहेर पडून परत आत आले, राउटर बंद करून चालू केला, तिने तिचा केला. एकदा तिची खूण उमटली, मी हात लावला, आणि बोलावणे अयशस्वी झाल्याची ओळ पडद्यावर आली. मग पुन्हा काहीच नाही.

याचे कारण मला नंतर कळले. हा गेम तुमच्या संगणकाला त्या वेळी खेळत असलेल्या मोजक्याच लोकांच्या संगणकांशी थेट जोडतो, आणि खुणा त्यांच्याच दिसतात. शिवाय आमच्या दोघींकडे ज्या प्रकारचे इंटरनेट होते, त्यात अनेक घरे एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या जोडणीला नेमके घर सापडत नाही. अशा पत्त्यांमागच्या दोन संगणकांची थेट गाठ पडणे फार कठीण असते. ऐरोलीच्या पुलावरून रिक्षाने मी तिच्या दारात पोहोचू शकले असते, पण गेममध्ये आमच्यात वाट नव्हती.

संध्याकाळी सुरू केलेला हा खटाटोप मध्यरात्रीपर्यंत चालला. मध्ये मी एकदोनदा एकटीच आत जाऊन मेले, आणि माझ्याकडची ह्युमॅनिटी संपत आली. शेवटची वापरून मी दारापाशी आले तेव्हा जमिनीवर एक खूण उजळलेली दिसली. ती तिची नव्हती. कुणाचे तरी अनोळखी नाव होते.

मी तिला सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “जा मग त्याच्याबरोबर. मी आहे फोनवर.”

मी गेले. त्या अनोळखी खेळाडूने आत शिरताच स्मॉला आपल्या मागे खांबांपलीकडे ओढून नेले, इतक्या समजुतीने की जणू आम्ही आधी ठरवून आलो होतो. मी ऑर्नस्टाइनशी लढत राहिले. वीज कोसळली की माझा लॅपटॉप गुदमरायचा. एकदा चित्र थांबले तेव्हा भाला माझ्या तोंडासमोर होता, आणि पुन्हा हलले तेव्हा मी जमिनीवर होते, जिवंत, रक्ताची पट्टी जवळजवळ रिकामी. तेवढ्यात तो स्मॉला सोडून धावत मध्ये आला आणि पुढचा वार त्याने अंगावर घेतला. ऑर्नस्टाइन पडला. मग विजेने भारलेला स्मॉही पडला. त्या माणसाने किंवा त्या बाईने दोन्ही हात आकाशाकडे उंचावले, आणि मला काही करता येण्याआधी ती आकृती विरून गेली. बॉस मेला की मदतीला आलेला आपोआप स्वतःच्या जगात परततो. आभार मानायची सोय नाही.

मी आनंदाने ओरडले. फोनवरून मैत्रिणीने ते सगळे ऐकले होते. ती “छान” म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने हा गेम उघडला नाही. पुष्कळ दिवसांनी, अगदी शांतपणे, ती मला म्हणाली, “त्या अडखळणाऱ्या गेमसाठी तू तासन्‌तास थांबायचीस. माझ्यासाठी मात्र थांबली नाहीस.” आजही ती “का खेळतेस?” असे विचारते तेव्हा तिला हेच विचारायचे असते.

माझी बाजू अशी आहे. आम्ही संध्याकाळपासून प्रयत्न करत होतो. ह्युमॅनिटी शेवटची होती, ती खूण पुढच्या क्षणी नाहीशी झाली असती, आणि जा असे तिनेच म्हटले होते. यातले काहीही खोटे नाही. पण हेही खोटे नाही की तिच्या स्वरातला उतार मला ऐकू आला होता आणि तरी माझा हात त्या खुणेकडे गेला. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही, की या गेममध्ये मला मिळालेला सर्वांत मोठा आनंद त्याच रात्रीचा आहे. तिला बरे वाटावे म्हणून त्या आनंदाला गालबोट लागले असे मी सांगू शकले असते. ते खरे नाही. त्या अनोळखी माणसाने माझ्यासाठी अंगावर घेतलेला वार आठवला की आजही माझा गळा दाटून येतो.

या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी आपला एक अनुभव सांगितलेला आहे. बर्फाने निसरड्या झालेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या, मागचे लोक पुढच्या गाडीला ढकलत होते, आणि त्यांची गाडी एकदाची चढली तेव्हा थांबून आभार मानणे शक्य नव्हते, कारण थांबले तर गाडी पुन्हा अडकली असती. रांगेतला शेवटचा माणूस घरी पोहोचला असेल का, आणि ज्यांनी ढकलले ते लोक पुन्हा कधी भेटणार नाहीत, हा विचार त्यांच्या मनात राहिला. ‘डीमन्स सोल्स’ या आधीच्या गेममधले, बोलता न येणाऱ्या अनोळखी मदतीचे तत्त्व त्यातून आले, आणि तेच ‘डार्क सोल्स’मध्ये चालत आले. म्हणजे मैत्रिणीला नाव घेऊन बोलावता न येणे हे ठरवलेले होते. तिची खूण उमटूनही जोडणी न होणे हा बिघाड होता. सुरुवातीला मी या दोन त्रासांमध्ये रेघ ओढली, पण त्या रात्री दोन्ही एकाच दारापाशी उभे होते. माझी मैत्रीण कशामुळे बाहेर राहिली आणि तो परका कशामुळे आत आला, याचा हिशेब मला वेगवेगळा मांडता येत नाही. बिघाड नसता तर ती आत आली असती, आम्ही दोघी हसत हसत जिंकलो असतो, आणि मला जे मिळाले ते मिळाले नसते. म्हणून बिघाड बरा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे ब्लाइटटाउनचा तो जुना युक्तिवाद मैत्रिणीच्या दुःखावर लावणे होईल.

२०२२च्या जानेवारीत सुरक्षेतली एक गंभीर त्रुटी उघड झाल्यावर या मालिकेचे संगणकावरचे सर्व्हर, म्हणजे खेळाडूंची एकमेकांशी गाठ घालून देणारी यंत्रणा, बंद केले गेले. त्याच वर्षी २०१८च्या सुधारित आवृत्तीचे सर्व्हर परत आले, पण मी खेळते त्या जुन्या आवृत्तीचे आता परत येणार नाहीत असे जाहीर झाले. माझ्या अॅनोर लोंडोत आता कुणाचीही खूण उमटत नाही. हे कळल्यावर आई म्हणाली, “मग आता तरी काढून टाक.” मी काढलेला नाही. मियाझाकींची टेकडी आणि थोमानने उघडी करून दिलेली खिडकी या दोन्ही गोष्टी मला त्या जुन्या आवृत्तीतच भेटल्या, आणि एकटीने चालतानाही ते जग मला पुरते.

सुधारित आवृत्तीत मात्र दोघांनी मिळून एक पासवर्ड ठरवता येतो. मग एकमेकांच्याच खुणा दिसतात आणि लेव्हलमधले अंतरही आड येत नाही. मैत्रिणीने मागच्या महिन्यात ती आवृत्ती घेतली आणि मला पासवर्ड सुचवायला सांगितला. त्या रात्री आम्हाला हवे होते ते नेमके हेच. पण पासवर्ड घातला की परक्याची खूण कधीच उमटणार नाही, आणि हे मी तिला कसे सांगू ते मला समजत नाही, कारण तिच्या प्रश्नाचे माझ्याकडचे सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच आहे. मी आवृत्ती विकत घेऊन ठेवली आहे. पासवर्ड अजून कळवलेला नाही.