आज प्रश्न तिला विचारले

आज लेकीला दम्याच्या तपासणीला नेलं होतं. नऊ वर्षांची आहे. एरवी डॉक्टर मला विचारतात आणि मी घडाघडा सांगते: रात्री खोकला किती, पंप कितीदा. आज त्यांनी मला गप्प बसवलं आणि तिच्यापुढे प्रश्नावली ठेवली. 23 प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दल, उत्तर 1 (कायम) ते 7 (कधीच नाही) मध्ये. संशोधक एलिझाबेथ ज्युनिपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ही खास मुलांसाठी मांडली. त्रास, खेळण्यावरची बंधनं आणि मनातलं, असे तीन भाग.

खोकल्याचे आकडे माझ्या अंदाजाइतकेच निघाले. पण दम्यामुळे आपण वेगळे, एकटे पडलोय असं वाटलं का, यावर तिने 2 लिहिले. म्हणजे जवळजवळ कायम.

मग हळूहळू बाहेर आलं. खो-खोच्या तासाला तिला गुण लिहायला बसवतात. कारण बाईंना चिठ्ठी मीच दिलेली, ‘पळवू नका’! आणि पंप ती दप्तराच्या तळाशी लपवते, बाथरूममध्ये जाऊन घेते. (‘पंपाची सवय लागते’ हे घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यादेखत ऐकवून जातो. लागत नाही हो सवय.)

डॉक्टर म्हणाले, रोजचा प्रतिबंधक पंप स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळीने) घ्या, नंतर चूळ भरा, खेळाआधी पंधरा मिनिटं निळा (लगेच श्वास मोकळा करणारा) पंप, आणि खुशाल पळू द्या.

संध्याकाळी नवी चिठ्ठी लिहिली. तिने वाचली आणि म्हणाली, “आई, ‘पळू द्या’च्या खाली रेघ मार ना. दोन मार.”