दीड मिलिमीटरची हाव

रविवार, रात्री साडेदहा.

बोटांना अजून एरंडेल तेलाचा वास येतोय. दोनदा साबण लावून झाला. माझ्या रिमोटवरच्या छोट्या बग्गीच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. पहिलं उडून जातं, तेल मात्र मुरतं.

गेल्या रविवारी मी शहाणपणा केला होता. बग्गीचं इंजिन ३.५ सीसीचं. हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी ६ मिलिमीटरच्या भोकाची प्लास्टिकची रिंग बसते. वाटलं, भोक मोठं केलं की हवा जास्त, हवा जास्त की ताकद जास्त. ड्रिलला साडेसातचा बिट लावला आणि मोकळा झालो. सुट्टी रिंग शिल्लक नाही हे नंतर लक्षात आलं.

सरळ रस्त्यावर गाडी अशी किंचाळत गेली की मी हसलोच. वळणावर थ्रॉटल सोडून पुन्हा दाबला, तर एक उसासा आणि बंद. लो-स्पीड नीडल, म्हणजे कमी वेगाला किती इंधन जाईल ते ठरवणारा स्क्रू, थोडी उघडली, तर आयडलला (थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद चालीला) इंधन साचून बंद. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला.

कारण घरी परतताना सुचलं, तेही आजीच्या फुंकणीमुळे. फुंकणीचं भोक रुंद असेल तर कितीही फुंका, निखारा फुलत नाही. इथेही तसंच. कमी आरपीएमला इंजिन हवा ओढतं तेवढीच, पण रुंद तोंडातून ती रेंगाळत जाते. दाब पुरेसा उतरत नाही आणि नळीतून इंधन खेचलं जात नाही. सायलेन्सरमधून टाकीला मिळणारा दाब मदत करतो, पण थ्रॉटल अचानक दाबला की तो मागे पडतो.

काल लेथवाल्या काकांकडे गेलो. रिंग हातात घेऊन म्हणाले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच." त्यावर काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. ॲल्युमिनियमची रिंग काढून दिली, आतून ६ मिलिमीटर, वरचं तोंड टेपर, म्हणजे आत निमुळतं होत जाणारं. बरोबर चहा. पैसे घेतले नाहीत.

आज सकाळी मैदानात बसवली. आधी हाय-स्पीड नीडल, मग लो, शेवटी आयडल. उलटं केलं की दिवस जातो. नीडल एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाइतकीच फिरवायची, मग दोन चकरा मारून कान द्यायचा. निळसर धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. ती गेली म्हणजे मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, आणि वंगण इंधनातच असल्यामुळे पिस्टन उपाशी. हेडचं तापमान १०४ अंश आलं. आयडलला इंधनाची नळी चिमटीत धरली: आवाज किंचित चढला आणि साधारण तीन सेकंदांनी इंजिन बंद. हेच हवं होतं. झालं!

वळणातून गाडी आता सुसाट निघते. सरळ रस्त्यावरची ती किंचाळी मात्र नाही, आणि खरं सांगायचं तर तिची आठवण येते.

टाकी रिकामी केली, प्लग काढून आफ्टर-रन तेलाचे, म्हणजे गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालायच्या तेलाचे, चार थेंब सोडले. मिथेनॉल ओलावा ओढतं, बेअरिंग गंजतात.

साडेसातची रिंग फेकली नाही. स्क्रूच्या डबीत आहे. कॉलनीमागचा नवा रस्ता चांगला सरळ आहे.